गोष्टी लिहून होतात, पण पुढे काय? (कथालेखन सुधारणं आणि त्यातून काही उभं करणं)

रानवाटा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतीच वाचत होते, आज धीर करून धागा काढतेय. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. गोष्टी लिहायचा नाद कॉलेजपासूनचा, पण नियमित म्हणावं असं गेल्या काही वर्षांतच, लेकरं झोपली की रात्री बसते. काही कथा पेपरच्या पुरवणीत आल्या, स्पर्धेत उत्तेजनार्थही मिळालंय. पण ज्याला दाखवावं तो "छान" म्हणतो. घरी छान, स्टाफरूममध्ये छान, व्हॉट्सॅपवर नुसते अंगठे. आणि नावाजलेल्या दिवाळी अंकांना पाठवलं की उत्तरच येत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. कुठेतरी कमी पडतंय हे मला जाणवतं, पण नेमकं काय ते सांगणारं कोणी नाहीये.

तर प्रश्न असे की कथा चांगली करायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? "भरपूर वाचा" हे नका सांगू प्लीज, वाचतेच. आणि दुसरं, यात करियर वगैरे काही असतं का मराठीत? एका प्रकाशकांचा फोन आला होता, कथासंग्रह काढू म्हणाले, ४०,००० रुपये माझे, ३०० प्रती निघतील आणि त्यातल्या १०० मला. नवरा म्हणतो देऊन टाकू, एकदा पुस्तक आलं की नाव होईल. मला काही ठरवता येत नाहीये.

भागवार
ताई, आधी अभिनंदन, नोकरी आणि लेकरं सांभाळून लिहिताय. माझा अनुभव सांगते. मी प्रतिलिपी या गोष्टी वाचायच्या-लिहायच्या ॲपवर लिहिते, भाग भाग टाकून. दिवाळी अंकाच्या उत्तराची वाट बघत वर्ष घालवण्यापेक्षा आज लिहिलं की रात्री वाचक सांगतात काय आवडलं, काय नाही. रोज लिहायची सवय लागते ती वेगळीच. सुरुवातीला मोजके लोक वाचायचे, मग मालिका वाढत गेली तसे वाचक टिकले, पैसेही येतात थोडे. घर चालेल इतके नाही पण हातभार लागतो. ४०,००० अजिबात देऊ नका.

जुना_खर्डा
रानवाटा, तुमचा पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून आधी त्याबद्दल. मी बरीच वर्षं एका दिवाळी अंकाच्या संपादनात मदत केली, आता निवृत्त आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडचं सांगू शकेन.

उत्तर येत नाही याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं, माणसं नाहीत. आमच्याकडे कथा यायच्या ढिगाने आणि वाचणारे आम्ही दोघं-तिघं, तेही नोकरी सांभाळून. पूर्वी असं नव्हतं. मौज आणि सत्यकथा या नियतकालिकांत श्री. पु. भागवत, राम पटवर्धन हे संपादक नव्या लेखकाच्या एकेका कथेवर पत्रं लिहायची, ही व्यक्ती इथे असं का वागते, हा परिच्छेद लागतो का, असं विचारून कथा परत पाठवायची, लेखक पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. सत्यकथा १९८२ साली बंद झाली. तसं काम आजही काही संपादक करतात पण ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे आपल्याकडे लिहिणारे वाढले, छापायच्या जागा वाढल्या, आणि मधला जो प्रश्न विचारणारा माणूस होता तोच नाहीसा झाला. माझं तर स्पष्ट मत आहे की आज नव्या कथाकाराला प्रकाशकापेक्षाही त्या माणसाची गरज जास्त आहे, आणि तो बाहेरून मिळत नसेल तर लिहिणाऱ्यांनीच एकमेकांसाठी ते काम करायला पाहिजे.

भागवार यांचा मुद्दा मान्य, वाचक लगेच मिळतो हे मोठं आहे. पण वाचक "पुढचा भाग कधी" विचारतो, "हा भाग असाच का" हे तो विचारणार नाही, ते त्याचं कामही नाही.

एक परिच्छेद टाका इथे. अख्खी कथा नको. जिथे तुम्हाला वाटतं की जमलंय, असा.

रानवाटा
काका, धन्यवाद. लगेच टाकते. विहीर आणि जमीन विकण्यावर कथा आहे, त्यातला मुख्य प्रसंग:

"थोरल्या मुलाने जमीन विकायचा निर्णय सांगितला तेव्हा आज्जीच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. डोळे डबडबले. ज्या मातीवर तिने पोटच्या पोरासारखं प्रेम केलं ती माती आज तिच्यापासून हिरावली जात होती. घर तिला खायला उठलं. हे सगळं बघून सगळे निःशब्द झाले."

संवादवाली
खरं सांगू का, यात आज्जी दिसतच नाही. वाईट वाटून घेऊ नका.

जुना_खर्डा
संवादवाली बरोबर बोलल्या. आता बघा, पायाखालची जमीन सरकणं, काळजाचं पाणी होणं, डोळे डबडबणं, पोटच्या पोरासारखं प्रेम, घर खायला उठणं. मराठीत हे सगळं तयार मिळतं आणि कुठल्याही आज्जीला लावता येतं. तुमची आज्जी कोणती ते यातून कळत नाही. भावना खोटी आहे असं मी म्हणत नाही, ती तुमच्यापर्यंत नक्की आलीय, कागदावर मात्र तिच्याऐवजी तिची नावं आलीत.

मी काही विचारतो, फक्त उत्तरं द्या, कथा म्हणून लिहू नका. किती जमीन आहे? काय पिकतं? कुठला तुकडा विकायचाय? मुलगा एकटाच आलाय का? तो बोलत असताना आज्जी काय करत होती, हातात काय होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज्जीला नेमकी कशाची भीती वाटते?

रानवाटा
चार एकर, जिरायत. सोयाबीन, त्यात आंतरपीक तूर. रस्त्याला लागून एक एकर आहे त्याला भाव आलाय, हायवे रुंद झाला ना, तोच तुकडा विकायचाय. मुलगा पुण्याला असतो, एजंटाला सोबत घेऊन आलाय. आज्जी... तूर निवडत असणार, डाळ करायच्या आधी. भीती कशाची हे मी कधी विचारच केला नव्हता. आत्ता लिहिताना सुचलं की रस्त्याकडचा तुकडा गेला तर मागच्या तीन एकरात जायला वाटच राहत नाही. आमच्याकडे असे वाद चिक्कार आहेत, तहसीलला केसेस चालतात वर्षानुवर्षं. म्हणजे एक एकर विकलं तरी खरं तर सगळंच गेल्यासारखं, आणि हे मुलाच्या लक्षात नाही किंवा त्याला लक्षात घ्यायचं नाही.

जुना_खर्डा
बघा. आता जे लिहिलंत ती कथा आहे. "लक्षात नाही किंवा लक्षात घ्यायचं नाही" यात तर अख्खा मुलगा आला. परत लिहा. आज्जीच्या मनात काय चाललंय त्याचं एकही वाक्य न घालता लिहून बघा.

वऱ्हाडी_माणूस
वाचून राह्यलो, मस्त चाललाय धागा. लिहा ताई.

रानवाटा
काल रात्री बसले होते. हे घ्या:

"रस्त्याकडचं एकरभरच जातंय, आतलं राहतंयच की, थोरला म्हणाला. आज्जी तूर निवडत होती. सुपातला खडा उचलून तिनं उंबऱ्याबाहेर टाकला. थोरल्यानं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी एजंटाकडे बघत. एजंटानं मोबाईलवर सातबारा उघडून तिच्यापुढे धरला. आज्जीला वाचता येत नव्हतं, हे थोरल्यानं त्याला सांगितलं नव्हतं.

'वाटंकडचं इकायलास,' आज्जी म्हणाली, 'मग आतल्या रानात जायचं कुठून?'

ते ऐकून सगळे गप्प झाले. थोरल्याला काय बोलावं सुचेना."

संवादवाली
अंगावर काटा आला. सिरियस. दोन्ही परिच्छेद एकाच बाईनं लिहिलेत यावर विश्वास बसत नाही.

जुना_खर्डा
उत्तम. शेवटची दोन वाक्यं काढा. आज्जीनं प्रश्न विचारला तिथे प्रसंग संपलाय, बाकीचे गप्प झाले हे वाचकाला ऐकू येतं. "निःशब्द" काढून तुम्ही "गप्प" लिहिलंत, पण काम तेच करतंय ते. आणि सातबाऱ्याचं वाक्य फार चांगलं आहे, मुलाबद्दल एकही वाईट शब्द न लिहिता तो कसा आहे ते त्यात येतं.

कथा सुधारायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं असं विचारलं होतंत, ते तुम्ही आत्ता केलंत. पहिला खर्डा लिहून झाला की जिथे जिथे भावनेचं नाव आलंय तिथे खूण करायची आणि स्वतःला विचारायचं की त्या क्षणी तो माणूस काय करत होता, त्याला नेमकं काय हवं होतं, कशाची धास्ती होती. दर वेळी भावनेचा शब्द काढायलाच हवा असं नाही, कधी कधी एक साधं "तिला वाईट वाटलं" पण पुरतं. पण प्रश्न विचारल्याशिवाय ठेवायचा नाही.

वऱ्हाडी_माणूस
एक सांगू का, थोरल्याच्या बोलीबद्दल. तो पुण्याले राह्यते, एजंट सोबत आहे. "जातंय", "राहतंयच की" ठीक आहे. पण तो मायसोबत एकटा असताना असाच बोलते का? माझा अंदाज, एकटा असला की "इकायलोय" म्हणत असंल आन् एजंटासमोर शहरी बोलते. कथेत दुसरीकडे ते दोघंच असतील असा प्रसंग असंल तर तिथं त्याची बोली बदला, काही सांगायची गरज नाही, वाचणाऱ्याले आपोआप समजते का हा माणूस एजंटासमोर मायची भाषा लपवते.

मी अकोल्याकडचा. माझ्या एका कथेतले सगळे "मले-तुले" एका अंकानं न विचारता "मला-तुला" करून छापले होते. पात्र मेलंच म्हणा ना. तेव्हापासून पाठवतानाच वर लिहून देतो, संवाद बोलीत आहेत, कृपया प्रमाण करू नये. पण एक काळजी घ्या, बोली म्हणजे प्रत्येक शब्द वाकडा लिहिणं नाही. क्रियापदं, दोन-चार ठेवणीतले शब्द आन् वाक्याचा हेल सांभाळला तरी पुरते. "इकायलास" एवढ्या एका शब्दानं आज्जी लातूरची झाली.

रानवाटा
अरे वा, हे डोक्यातच आलं नव्हतं. दोघंच असतील असा विहिरीवरचा एक प्रसंग आहे कथेत, तिथे करून बघते. आम्ही घरात सर्रास करायलोय, जायलोय असंच बोलतो, पण लिहायला बसलं की हात आपोआप पुस्तकी होतो.

संवादवाली
आता करियरबद्दल मी बोलते कारण माझं पोट लिहिण्यावर आहे. मी सिरियलचे संवाद लिहिते. मराठी मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं करतात. पटकथा संध्याकाळी हातात येते, सकाळी शूट असतं, रात्रीतून संवाद द्यायचे. पैसे एपिसोडमागे मिळतात, पण टेलिकास्टनंतर दोन-तीन महिन्यांनी हातात येतात, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने साठवलेल्यातून काढायची तयारी लागते. मुंबईत राहणं जवळपास गरजेचं, आता थोडं ऑनलाईन होतंय. आणि मालिका अचानक बंद होते, हे गृहीत धरूनच चालायचं.

फायदा काय, तर प्रसंगाला उशिरा शिरायचं आणि लवकर निघायचं हे हाडात मुरतं. तोटा काय, तर प्रेक्षक स्वयंपाक करता करता बघतो म्हणून सगळं दोनदा सांगायची सवय लागते आणि ती कथेत शिरते. मी स्वतःची कथा लिहायला घेतली की आधी दुसऱ्यांदा सांगितलेलं शोधून काढते. कुणाला या बाजूला यायचं असेल तर स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्या, स्क्रिप्टची नोंदणी ऑनलाईन होते, कल्पना कुणाला ऐकवण्याआधी नोंदवून ठेवा.

ऑडिओचंही बघा. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठीत खास ऐकण्यासाठी मालिका लिहिल्या जायला लागल्या. ते लिहिणं पण वेगळं. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, म्हणून कोण बोलतंय ते वाक्याच्या सुरुवातीलाच कळलं पाहिजे आणि एका प्रसंगात सारख्या आवाजाची नावं नकोत, सुमन आणि सुमती एकत्र आल्या की गोंधळ.

भागवार
जुना_खर्डा काका, तुमचं वाचून मी माझी चालू मालिका काढून बघितली. तुम्ही म्हणालात वाचक "असाच का" विचारत नाही, ते खरंय. पण एक गोष्ट मालिकेत शिकायला मिळते ती कथेवाल्यांनी पण घ्यावी असं मला वाटतं. कुठल्या भागापर्यंत लोक वाचतात आणि कुठे सोडून जातात ते मला आकड्यांत दिसतं. एका भागात मी नायिकेच्या माहेरचा सगळा इतिहास सांगितला होता, तिथे निम्मे वाचक गळाले. ते कोणी कॉमेंटमध्ये लिहिलं नाही, नुसते निघून गेले. छापील अंकात हे लेखकाला कधीच कळत नाही. म्हणून मला हे दोन रस्ते एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत.

जुना_खर्डा
हे मला नवीन आहे आणि पूर्ण पटलं. वाचक कुठे सुटतो हे आम्हाला कधीच दिसलं नाही, आम्ही अंदाजावर चालायचो.

दिवाळी अंकांचं थोडं सांगतो, कारण रानवाटा यांचा कल तिकडे दिसतो. १९०९ साली का. र. मित्र यांनी मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला दर वर्षी ही एक हक्काची जागा आहे, आणि ती तारखांवर चालते. आमच्याकडे कथा मे-जूनमध्ये वाचल्या जायच्या, जुलै अखेर अनुक्रमणिका जवळपास ठरायची, पंधरा ऑगस्टनंतर पानं लागायची. गणपतीत आलेली कथा कितीही चांगली असली तरी पुढच्या वर्षाच्या फाईलला. अडीच ते साडेतीन हजार शब्द सोयीचे, सहा हजारांची कथा नव्या लेखकाची असेल तर ती फार म्हणजे फारच चांगली असावी लागते. एका वेळी एकाच अंकाला पाठवा. महिना-दीड महिन्यानं एकदा विचारणा करायला काही हरकत नाही, संपादक रागावत नाहीत.

फाईल युनिकोडमध्ये द्या, उघडता येईल अशी, पीडीएफ नको. अनेक ठिकाणी पानं अजून जुन्या फॉन्टमध्ये लागतात, रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं उडतात, मग "सूर्य"चं भलतंच काहीतरी छापून येतं. फाईल स्वच्छ असेल तर निदान तुमच्याकडून चूक जात नाही. नाव, पत्ता, फोन कथेच्या फाईलमध्येच घाला, नुसत्या मेलमध्ये नको, प्रिंट काढल्यावर कथा कोणाची तेच कळत नाही. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम एकदा नीट बसून वाचा, तासाभराचं काम आहे.

मानधन म्हणाल तर काही अंक चांगलं देतात, बरेचसे फक्त अंक पाठवतात. आधी विचारायला संकोच करू नका. लेखकांनी विचारलंच नाही म्हणून ही पद्धत पडलीय असं मला वाटतं.

कोकणी_ग्रंथपाल
पुस्तकाचा हिशेब मी मांडतो. सिंधुदुर्गातल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करतो, खरेदी माझ्याकडे असते.

समजा २५० रुपये किमतीचं पुस्तक, रॉयल्टी म्हणजे लेखकाचा वाटा दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे २५ रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती पूर्ण संपली तर १२,५०० रुपये, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. नव्या लेखकाचा कथासंग्रह एवढा खपला तर प्रकाशक खूश असतो. त्यामुळे नोकरी सोडायचा विचार कोणी करत असेल तर हा आकडा समोर ठेवून करावा. ज्यांना मी लिहिण्यावर जगताना बघितलंय ते सगळे चार ठिकाणी काम करणारे आहेत, थोडं भाषांतर, थोडं सदर, थोडं ऑडिओ किंवा सिरियल, आणि मधे स्वतःचं पुस्तक.

वाचनालयं खरेदी करतात ती अनुदानाचा हप्ता आला की, आमच्याकडे जास्त करून मार्चच्या आसपास. तेव्हा लेखकाचं नाव ओळखीचं असेल, दिवाळी अंकात वाचलेलं असेल, तर आमचे सभासद स्वतः मागतात. म्हणून मला विचाराल तर संग्रहाआधी पाच-सहा कथा चांगल्या अंकांत येऊ द्या. ४०,००० देऊन काढलेली पुस्तकं आमच्याकडे भेट म्हणून येतात, कपाटात बसतात, कोणी घरी नेत नाही. लेखकाचा दोष नसतो हो, त्या पुस्तकावर कोणी काम केलेलं नसतं, मुद्रितशोधन सुद्धा नाही. हे बघून दर वेळी वाईट वाटतं.

रानवाटा ताई, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठीच आहे ती. हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासलं जातं. अर्ज मागवल्याची जाहिरात येते त्यावर लक्ष ठेवा, कथासंग्रहाला चालते.

कलम_एकोणीस
व्यवसायाने वकील, लिखाणाची आवड आहे. कराराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. तुम्ही कथा लिहिलीत त्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, आणि तो तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशीच देता येतो, फोनवर "दिले" म्हटल्यानं जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ज्याने हक्क घेतला त्याने वर्षभरात तो वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, तो हक्क परत तुमच्याकडे येतो. हे बऱ्याच लेखकांना माहीतच नसतं.

आता धोका कुठे, तर छापील करारात एक ओळ असते, "सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी". त्या एका ओळीत ऑडिओ, ई-बुक, भाषांतर, सिनेमा, मालिका सगळं जातं. प्रकाशक छापील पुस्तक काढणार असेल तर छापील पुस्तकाचाच हक्क द्या, बाकीचे एकेक वेगळे लिहा किंवा स्वतःकडे ठेवा. मुदत घाला. रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर ते स्पष्ट करा, वितरकाला मोठी सवलत जाते त्यामुळे फरक खूप पडतो. वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब द्यायचा हे कलम घालून घ्या.

ॲपवर लिहिणाऱ्यांनीसुद्धा "मान्य" दाबायच्या आधी अटी वाचा, हक्क कायमचा जातोय की ठराविक काळापुरता, ते बघा. भागवार, तुमच्या मालिकेवर उद्या कोणाला सिरियल करायची झाली तर निर्णय कोणाचा, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आणि एक, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन राय एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतःसुद्धा अर्ज करू शकतो. त्याचे वेगळे पैसे कोणी लावत असेल तर सावध व्हा.

रानवाटा
बाप रे, किती दिलंत सगळ्यांनी. कलम_एकोणीस सर, त्या प्रकाशकांनी कागद पाठवलाय तो काढून बघितला, "सर्व माध्यमांत कायमस्वरूपी" अगदी तसंच लिहिलंय, आणि आयएसबीएनचे २,००० वेगळे. म्हणजे पैसे माझे आणि हक्क पण त्यांचे. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तो म्हणाला नको मग. नाही कळवते त्यांना.

नोकरी सोडायचा विचार नव्हताच, पण ग्रंथपाल दादांनी आकडा मांडला ते बरं झालं, उगाच रात्री पडल्या पडल्या स्वप्नं बघायची सवय आहे.

काकांनी सुरुवातीला लिहिलं होतं ना की प्रश्न विचारणारं माणूस आपणच एकमेकांसाठी व्हायचं, ते खरंच सुरू करूया का? चार-पाच जण, महिन्यातून एक कथा प्रत्येकी.

वऱ्हाडी_माणूस
मी तयार. फक्त एक नियम ठेवा, "छान" लिहायचं नाही.

जुना_खर्डा
मीही येतो, पण संपादक म्हणून नको, वाचणाऱ्यांतला एक म्हणून. आणखी एक सुचवतो. वाचणाऱ्याने उपाय सांगायचा नाही. कुठे कंटाळा आला, कुठे विश्वास बसला नाही, काय कळलं नाही, एवढंच लिहायचं आणि प्रश्न विचारायचा. उपाय लेखकाने शोधायचा, नाहीतर पाच जणांची मिळून एक कथा होते आणि ती कोणाचीच राहत नाही. मी स्वतः वर "शेवटची दोन वाक्यं काढा" असं सांगितलं, ते यापुढे नाही सांगणार, "इथे दोन वाक्यं कशासाठी आहेत" असं विचारेन.

आणि कथा पाठवण्याआधी लेखकाने ती एकदा मोठ्याने वाचायची. जिथे जीभ अडते तिथे वाक्यात काहीतरी बिघडलेलं असतंच.

संवादवाली
मला पण घ्या. शूटच्या दिवशी उशीर होईल पण वाचेन नक्की.

भागवार
मीही. माझा माहेरच्या इतिहासाचा भाग आधी पाठवते, तो मला पुन्हा लिहायचाच आहे, आणि कुणीतरी प्रश्न विचारावेत असं फार वाटतंय.

रानवाटा
ठरलं मग. ज्यांना यायचंय त्यांनी मला विपू (इथला खाजगी निरोप) करा, मी मेल ग्रुप करते. पहिल्या महिन्यात भागवार ताईंचा भाग आणि माझी ही जमिनीची कथा, विहिरीचा प्रसंग बदलून. दोन्ही रविवारपर्यंत सगळ्यांकडे येतील, प्रश्न पुढच्या रविवारपर्यंत. मे महिन्यात अंकाला पाठवायची तर एप्रिलअखेर माझा तिसरा खर्डा व्हायला पाहिजे.

वऱ्हाडी_माणूस
ताई, रविवारची वाट कशाले, माझा पहिला प्रश्न आत्ताच घ्या. आज्जीनं विचारलं जायचं कुठून. एजंटाले तर वाट माहीतच असंल, त्यानं नकाशा बघितलेला असंल. मग तो काय म्हणते?